कृपया हिरवळीवर चालू नये

मी एक जुनी पाटी आहे. समुद्राच्या काठाने रस्ता जातो. त्या रस्त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये एक मोठे मोकळे मैदान आहे. त्याच्या कडेला दोन लोखंडी पायांवर मी उभी असते. अंगाला हिरवा रंग आणि त्यावर पांढरी अक्षरे : ‘कृपया हिरवळीवर चालू नये.’ त्यातला ‘नये’ जरा अंग चोरून बसला आहे, कारण तिथवर येता येता रंगाऱ्याची जागा संपली. इतकी वर्षे मी लोकांना हे एकच वाक्य सांगत आले. मित्रांनो, आज मात्र मला तुमच्याशी थोडे जास्त बोलायचे आहे.

मी काही जन्मतः पाटी नव्हते. पालिकेच्या कचेरीतले एक कपाट मोडीत निघाले, त्याचे मी दार. माझ्या डाव्या कडेला कडीचे भोक अजून आहे आणि वारा सुटला की ते शीळ घालते. मैदानाच्या माळीकाकांनी मला मोडीच्या ढिगातून उचलले आणि आपल्या मेव्हण्याकडे नेले. मेव्हणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. काकांनी त्याला बजावले की चार महिन्यांपुरतेच काम आहे, उगाच जीव ओतत बसू नकोस. पण मेव्हणा पडला हाडाचा कारागीर. तो म्हणाला, “दाजी, माझ्या हातून पाटी गेली की गेली. मग ती चार महिने उभी राहो नाहीतर चाळीस वर्षं.” त्याने मला रंगाचे तीन हात दिले. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता वाटते, एकच हात दिला असता तर बरे झाले असते.

काकांची काम करण्याची एक रीत होती. खारा वारा आणि हजारो पाय यांच्यापुढे गवताचा टिकाव लागत नाही. म्हणून त्यांनी मैदानाचे मनातल्या मनात पाच तुकडे पाडले होते. एका वेळी एकच तुकडा विश्रांतीला. त्यात ते गवताच्या काड्या लावायचे, रस्त्यावरच्या नळाचे गोडे पाणी डब्यांनी आणून घालायचे, भोवती सुतळी बांधायचे आणि कोपऱ्यात मला रोवायचे. चार महिन्यांत गवत धरले की सुतळी सोडायची, मला खांद्यावर टाकायचे आणि पुढच्या तुकड्याकडे निघायचे. उरलेले चार तुकडे सगळ्यांना मोकळे.

त्यामुळे मी फिरतीवर असे. कधी माझे तोंड पाण्याकडे, कधी खडकांकडे, कधी माणसांकडे. काय काय पाहिले मी! ज्यांच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती, ती कुटुंबेच्या कुटुंबे इथे येऊन पाय पसरून बसत. दवाखान्यातल्या परिचारिका कामाची पाळी संपली की बूट काढून गवतावर उताण्या पडत आणि अर्धा तास कोणाशी बोलत नसत. एक शिंपीण चाळिशीत सायकल शिकली ती इथेच. नवरा मागून धरून धावायचा आणि ती त्याला दर दहा पावलांनी विचारायची की सोडली तर नाही ना. त्याने केव्हाच सोडलेली असायची. मला उपटून काका निघाले की मुले त्या नव्या, ओलसर गवतावर तुटून पडत. काका तोंडाने ओरडत आणि डोळ्यांनी हसत. ते सारे आठवले की माझ्या गंजलेल्या पायांना आजही तिकडे जावेसे वाटते.

मग काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांनी नोकरी सोडली आणि ते शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायला गेले. त्या वेळी मी रस्त्याकडेच्या तुकड्यात उभी होते, तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. माझी पाळी महिन्याभरात संपणार होती. काकांनी जाताना ठेकेदाराच्या माणसाला सगळे समजावून सांगितले. पण त्या माणसाकडे सहा बागा होत्या. त्याने मान हलवली आणि तो विसरून गेला.

आता बाईंची ओळख करून देते. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि रहिवाशांच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. माळीकाकांबद्दल त्यांना मनापासून आदर. एका वादळात मी आडवी झाले, तेव्हा बाईंनी स्वतः येऊन मला उचलले, रुमालाने पुसले आणि गवंड्याला बोलावून माझे पाय सिमेंटात पक्के केले. काकांची आठवण नीट राहावी, एवढाच त्यांचा हेतू होता. गवंडी विचारत होता की तोंड कुठे करू. बाई म्हणाल्या, लोकांकडे. त्या दिवसापासून मी समुद्र पाहिलेला नाही.

मित्रांनो, एका तुकड्याची मनाई साऱ्या मैदानाची कधी झाली, ते माझ्याही ध्यानात आले नाही. सुतळी तर केव्हाच कुजून गेली होती. लोक रस्त्यावरून येत, मला वाचत आणि थबकत. गवत वाढू लागले. ते इतके छान वाढले की समितीला त्याचा अभिमान वाटू लागला. मग गुडघ्याएवढा कठडा आला. मग प्लॅस्टिकच्या तीन पाट्या आल्या, माझ्या धाकट्या बहिणी. त्यांच्यावर ‘कृपया’सुद्धा नव्हते. आमच्याकडचे लोक नाकासमोर चालणारे. त्यांना एकदा नाही म्हटले की पुन्हा म्हणावे लागत नाही. त्यातूनही कोणी आत पाऊल टाकलेच, तर दुसऱ्या मजल्यावरून आवाज येई, “वाचता येत नाही का?” त्या आवाजाने मोठमोठी माणसे पुन्हा चौथीत जात.

एकदा एका मुलीचा लाल चेंडू कठड्यापलीकडे गेला. तिने मला एकेक अक्षर लावून वाचले. नुकतीच वाचायला शिकली असावी, कारण वाचून झाल्यावर आधी तिला आनंद झाला आणि मग अर्थ कळला. ती बराच वेळ उभी राहिली. शेवटी आई तिला हाताला धरून घेऊन गेली. चेंडू तीन दिवस आत पडून होता. वारा त्याला इकडून तिकडे ढकलत असल्याचा आवाज मला मागून येत होता. तो चेंडू कोणी आणायला आत जावे, असे मला किती वाटले म्हणून सांगू! पण मी तरी काय करणार? माझ्या तोंडावर दुसरेच लिहिले होते.

अशी सतरा वर्षे गेली. लोक कठड्याशी येत, समुद्र बघत आणि ‘काय सुंदर राखलंय’ म्हणून निघून जात. माझे कौतुक झाले. वर्तमानपत्रात माझ्यासकट मैदानाचे छायाचित्र आले, स्वच्छतेचे बक्षीसही मिळाले. पण माझ्या पाठीमागे कोणी हसत नव्हते, कोणी भांडत नव्हते, कोणाची चप्पल हरवत नव्हती. मला माणसांच्या पावलांची फार आठवण येई.

मग एके दिवशी दोघे जण कॅमेरा घेऊन आले. त्यांनी मला मधोमध धरून पुष्कळ फोटो काढले. मी मूर्ख, मला वाटले आणखी एक बक्षीस येणार. महिन्याभराने बसथांब्यावरच्या बोलण्यातून खरे कळले. एका कंपनीला इथे हॉटेल बांधायचे होते. सात मजले, खाली दुकाने आणि बाकीच्या जागेत मोटारी. पालिकेत सुनावणी झाली. समितीने सांगितले की ही जागा लोकांची आहे. त्यावर कंपनीच्या वकिलाने आवाजही न चढवता माझा फोटो पुढे केला. या जागेवर लोकांना पाय ठेवायलाच मनाई आहे, मग ती गेली तर लोकांचे जाते काय, असे त्याने विचारले.

मित्रांनो, ज्या मैदानासाठी मला घडवले, त्याच्याच विरुद्ध माझी साक्ष काढली गेली होती.

बाई दुसऱ्याच दिवशी काकांना घेऊन आल्या. काका आता काठी टेकत चालत, लेकीने त्यांना दंडाला धरले होते. त्यांनी मला पाहिले आणि ते थांबले.

“ही अजून इथंच? बाई, मी हिला चार महिन्यांची पाहुणी म्हणून आणली होती.”

“तुमची पाटी म्हणून तर जपली.” बाईंचा आवाज एकदम लहान झाला होता.

काकांनी मग त्यांना आपली रीत सांगितली. पाच तुकडे, सुतळी, डबे, सगळे. निघताना काका एवढेच म्हणाले, “गवत मी माणसांसाठी लावत होतो. गवतासाठी नव्हे.”

सुनावणीत ठरल्याप्रमाणे बुधवारी संध्याकाळी पाच वाजता पालिकेचे तपासनीस पाहणीला येणार होते. जागा लोकांच्या वापरात आहे असे त्यांनी लिहिले तर मैदान राहणार, नाहीतर नव्याण्णव वर्षांसाठी कंपनीला जाणार. बाई दारोदार फिरल्या. गुडघे दुखत असताना जिने चढल्या. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षे हाकलले होते, त्यांनाच बोलावून आल्या.

आणि लोक आले, शेकड्यांनी आले. शिंपीण आली, परिचारिका आल्या, आजी-आजोबा आले, मुले आली, लेकीच्या आधाराने काकाही आले. सगळे चांगले कपडे घालून आले आणि कठड्याच्या अलीकडे, पदपथावर, ओळीने उभे राहिले. एकही आत जाईना. मी समोरच होते ना! बाई म्हणत होत्या, चला, आत चला. लोक माझ्याकडे बघत आणि एकमेकांना म्हणत, तुम्ही व्हा पुढे. सतरा वर्षांची सवय अशी एका संध्याकाळी कशी सुटावी? तपासनीस आले. त्यांनी गर्दी पाहिली, मग गर्दीच्या पलीकडे मोकळे पडलेले गवत पाहिले आणि खिशातून पेन काढले.

तेव्हा बाईंनी चपला काढल्या. वयाच्या पंचाहत्तरीत त्यांनी माझी वरची कड घट्ट धरली आणि एक पाय कठड्यापलीकडे टाकला, मग दुसरा. गवतात उभ्या राहून त्या तपासनिसांना म्हणाल्या, “साहेब, ही मनाई गवत रुजेपर्यंतच होती. पाटी हलवायची राहिली. चूक माझी आहे, मैदानाची नाही.”

मग त्या वळून चालू लागल्या. माझी तिकडे पाठ होती, मला काही दिसत नव्हते. पण आधी ऐकू आली बाईंची हळू पावले, मग काकांची काठी, मग शिंपिणीचे हसणे आणि मग एकदम इतकी पावले की मोजता येईनात. सतरा वर्षांनी! मला रडता आले असते तर मी रडले असते.

‘आज जागा वापरात आढळली’ असे तपासनिसांनी लिहिले. पण माणूस हुशार होता. त्याने बाईंना स्पष्ट सांगितले की एका दिवसाची जत्रा कोणीही भरवू शकते, म्हणून निर्णय वर्षभर राखून ठेवतो आहे. मधल्या काळात ते पुन्हा येणार आहेत, न सांगता. बाईंनी विचारले की निदान ही पाटी तरी आत्ताच उपटू का. ते म्हणाले की पाटी पालिकेच्या दप्तरात नोंदलेली आहे, ती हलवायला वेगळा अर्ज लागेल. बाईंनी अर्ज केला. तो या टेबलावरून त्या टेबलावर चालला आहे म्हणे. तोवर मी इथेच उभी राहणार आणि तेच सांगत राहणार.

पहिल्या आठवड्यात खूप गर्दी झाली. दुसऱ्या आठवड्यात जरा कमी. आता पाचव्या महिन्यात संध्याकाळी बाई येतात आणि लेकीच्या सोयीने कधीमधी काका येतात. बाकीचे कठड्याशी थांबतात, मला वाचतात आणि पुढे जातात. मैदान वाचले, असे त्यांना वाटते. काल दुपारी तर माझ्यामागे एकही पाऊल वाजले नाही आणि मी दिवसभर रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाकडे भीतीने बघत होते की हेच तर तपासनीस नव्हेत.

म्हणून मित्रांनो, एका म्हाताऱ्या पाटीचे एवढे म्हणणे ऐका. नवीन लावलेले गवत दिसले तर त्याला जरूर चार महिने जपा. पण जे तुमचे आहे, ते नुसते लांबून बघत राहू नका. इथे या, बसा, पळा, भांडा, चेंडू हरवा. चपला काढा किंवा राहू द्या. मी काय म्हणते आहे ते वाचायचे आणि खुशाल माझ्या शेजारून आत जायचे. आज या आणि उद्याही या. तपासनीस कोणत्या दिवशी येतील ते कोणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी माझ्यामागे कोणीतरी असले पाहिजे.