आठवड्याच्या बोलीवर आलेले वाफेचे यंत्र

मित्रांनो, मला पाहिले की लहान मुले आधी भोकाड पसरतात आणि दहा मिनिटांनी माझ्याच घुरघुरीवर झोपी जातात. मी एक जुने वाफेचे यंत्र आहे. डॉक्टर मला नेब्युलायझर म्हणतात. पण दम लागलेल्या माणसाला एवढे लांबलचक नाव कसे पेलणार? म्हणून घरोघरी मी वाफेचे मशीनच. माझ्या पोटात एक छोटी मोटर आहे. ती हवा ढकलते, नळीच्या टोकाच्या कुपीतल्या औषधाचे धुके होते आणि ते मास्कमधून छातीत उतरते. एवढेच माझे काम. पण ज्याला ते हवे असते, त्याला आत्ता हवे असते. उद्या नको, जेवण झाल्यावर नको.

कारखान्यात मला शेवटचे तपासले ते एका पोक्त बाईंनी. त्यांनी माझ्या तोंडाशी तळहात धरला, डोळे मिटून हवेचा जोर जोखला आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते थेट तातडीच्या मदत केंद्रात. ज्यांचे हातावर पोट आहे, अशा घरांवर अचानक काही ओढवले तर धावून जाण्यासाठी ते केंद्र होते. तिथे कपाटात कुबड्या होत्या, चाकांच्या खुर्च्या होत्या, ब्लँकेटे आणि ताडपत्र्यांच्या घड्या होत्या. वाफेचे यंत्र मात्र साऱ्या वस्तीत एकच, मी.

केंद्राच्या बाई मला देताना प्रत्येकाला बोट दाखवून बजावत, "आठवडाभर, बरं का! आठव्या दिवशी मला हे इथे दिसलं पाहिजे." त्यामुळे लोकांनी त्यांचे नावच आठवडाबाई ठेवले. मी परत आले की त्या माझ्या पाठीवरचे छोटे झाकण उघडत, आतला धुळीने माखलेला फिल्टर काढून नवा बसवत आणि नळी धुऊन, झटकून वाळवत. त्या आठवड्याच्या बोलीमागे हेही कारण होते, पण ते कुणाला ठाऊक नव्हते. बाईंनी ते कधी सांगितलेही नाही.

पहिली काही वर्षे माझे कोण कौतुक झाले! एका आजोबांनी तर मला धक्का लागू नये म्हणून आपल्या उशीवर ठेवले आणि स्वतः बिनउशीचे झोपले. अशी माणसे पाहिली, म्हणूनच छकुलीच्या घरी जे घडले ते मला फार लागले. आणि गंमत म्हणजे, ज्या माउलीने मला कोंडून ठेवले, तिच्यावर मला आजही रागावता येत नाही.

छकुली चार वर्षांची. तिचे घर म्हणजे सुतारकाकांच्या कारखान्यावरची एक खोली. खाली करवत चालली की फळ्यांच्या फटींतून भुसा वर येई. छकुलीची छाती आधीच नाजूक, त्यात ही धूळ. तिचे बाबा बस चालवत आणि दिवसभर बाहेर असत. घरात पहाऱ्याला आई. ती भाजी चिरत असो की कपडे वाळत घालत असो, कान सदा लेकीच्या श्वासाकडे. बरगड्यांखाली खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, श्वासाबरोबर मान हलते का, हे ती घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून पाहत असे.

माझ्या वाफेने पाचव्या दिवशी छकुली हसू-खेळू लागली. आठवा दिवस उजाडला.

"अगं, आज ते मशीन परत द्यायचं ना?" कामावर निघताना बाबांनी विचारले.

"शनिवारी केंद्र बंद असतं."

"आज शुक्रवार आहे."

"अहो, मग उद्या शनिवारच ना! आज ते आवराआवरीत असणार."

बाबा हसले. "तुझ्यापुढे कॅलेंडरनंही हात टेकले बाई!"

ती मात्र हसली नाही. मागे त्यांचे छत गळत होते, तेव्हा ती ताडपत्रीसाठी केंद्रात तीन वेळा जाऊन आली होती. ताडपत्री मिळाली, पण तोवर छत वाळले होते आणि गाद्या कुजल्या होत्या. तेव्हापासून तिने मनाशी गाठ मारली होती: हाती आलेले सोडायचे नाही, पुन्हा मिळेलच याचा काय भरवसा?

बाबा गेल्यावर तिने मला चादरीत गुंडाळले आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले. नळी ओली होती, ती तशीच. फिल्टरमध्ये भुसा बसला होता, तोही तसाच. सोमवारी केंद्राचा फोन वाजला, तो तिने उशीखाली दाबला आणि छकुलीला जवळ घेतले. "कुणी विचारलं तर मशीन दिलं म्हणायचं. ट्रंकेवर बसून राहायचं, उठायचं नाही. कळलं?" छकुलीला तो खेळच वाटला.

मंगळवारी दुपारी दार वाजले. माझ्यावर धपकन वजन आले, छकुली ट्रंकेवर चढून बसली होती. कडीजवळच्या फटीतून मला खोलीचा एक पट्टा दिसत होता, दारापासून खिडकीपर्यंतचा. दारात आठवडाबाई उभ्या होत्या. जिने चढून त्यांना धाप लागली होती.

"ताई, मशीन?"

"अहो, ते तर शुक्रवारीच दिलं की! तुमच्या शिपायाजवळ."

"शिपाई गुरुवारपासून रजेवर आहे."

खाली करवत चालू होती.

"मग दुसरं कुणीतरी असेल," आई म्हणाली, पण आवाज तिचा तिलाच खोटा वाटला असावा.

आठवडाबाई संतापल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "ताई, भांडायलाही वेळ नाही मला. सलूनवाल्या आजोबांची नात आहे, सात महिन्यांची. दवाखान्यात एकदा वाफ देऊन घरी पाठवलंय, पुढची सहा तासांनी द्या म्हणून. औषध आजोबांच्या खिशात आहे, मशीन नाही. ते खाली उभे आहेत. नसेल तर नाही म्हणून सांगते, दुसरीकडे तरी धावतील."

मी ट्रंकेत होते, मित्रांनो! तीन पावलांवर! ओरडावेसे वाटत होते, पण माझा आवाज प्लगमध्ये.

आई खिडकीशी गेली. तेवढ्यात करवत थांबली आणि खालचे बोलणे वर आले. आजोबा सुतारकाकांना सांगत होते, "सकाळपासून नुसती किरकिर होती. आत्ता कुठे शांत झाली. झोपली बघा."

आईने खाली पाहिले आणि तिने खिडकीचा गज घट्ट धरला. आजोबांच्या खांद्यावर टेकलेली बाळाची मान प्रत्येक श्वासाबरोबर हलत होती. वर, खाली. वर, खाली.

"ती झोपली नाहीये," आई म्हणाली. "थकलीये ती."

वळून ती थेट ट्रंकेपाशी आली. "छकुली, ऊठ."

"इथे काही नाहीये," छकुली म्हणाली.

"ऊठ बाळा, लवकर."

"मशीन दिलं!" छकुलीने दोन्ही हातांनी कडी धरली. "तूच म्हणालीस ना, उठायचं नाही!"

आठवडाबाई दारातून पाहत होत्या. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "मी खोटं बोलले, राणी. चुकलं माझं," ती म्हणाली आणि रडणाऱ्या लेकीला उचलून तिने झाकण उघडले.

खाली सुतारकाकांनी करवतीचा प्लग उपटून ती जागा मला दिली. बाईंनी पिशवीतून बाळाच्या मापाचा नवा मास्क काढला. आजोबांनी बाळाला धरले होते, म्हणून औषध आईने कुपीत घातले. बटण दाबले. मी कण्हले, थरथरले, पण धुके येईना. नळीत पाणी होते आणि पाठीत भुसा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ऐनवेळी दगा देत होते.

"काय झालं हो? चालत नाही का?" आजोबा पुन्हा पुन्हा विचारत होते.

"भुसा भरलाय," बाईंनी झाकण उघडले. मला इथून थेट बाळाकडे न्यायचे होते, म्हणून नवा फिल्टर त्या बरोबर घेऊनच आल्या होत्या. आईने नळी उपसून हवेत गरगर फिरवली, पाण्याचे थेंब सुतारकाकांच्या चष्म्यावर उडाले. ते पुसायलाही थांबले नाहीत, सैल प्लग भोकात दाबून धरून बसले.

पुन्हा बटण. आणि धुके आले!

आईने बाळाच्या बरगड्यांवर हात ठेवला. एक मिनिट गेले, दोन गेली. मान हलतच होती. चार. मी अंगातली होती नव्हती तेवढी हवा ढकलत होते. सहाव्या मिनिटाला बाळाने मास्कला लाथ मारली आणि असा टाहो फोडला की आजोबा घाबरून उठले.

"आता हे काय?"

"काही नाही आजोबा, रडायला ताकद आली तिला," आई म्हणाली. "पण घरी न्यायचं नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

सुतारकाकांनी टेम्पो काढला. मला बाळाबरोबर ठेवताना आठवडाबाई हळूच म्हणाल्या, "नुसतं येऊन सांगितलं असतंत, तर मुदत वाढवून दिली असती."

"ताडपत्री दिलीत तशी?"

बाईंनी मान खाली घातली. "ते आमचं चुकलं," त्या म्हणाल्या.

बाळ दोन दिवस दवाखान्यात राहिले आणि हसत घरी आले. मी त्यांच्याकडे आठवडा काढून कपाटात परतले. आता मी म्हातारे झाले आहे, मोटर पटकन तापते. शेजारी अजून दुसरे यंत्र आलेले नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन अशा केंद्रात बसलात, तर एवढे करा. कपाटात एक जादा यंत्र ठेवा आणि मदत वेळेत पोहोचवा, म्हणजे कुठल्याच आईला मला लपवावेसे वाटणार नाही. आणि मी तुमच्या घरी आले, तर काम झाल्यावर मला अडवून ठेवू नका. नळी वाळवा, धुळीपासून जपा.

तीन आठवड्यांनी छकुलीला पुन्हा दम लागला. तिची आई केंद्रात आली. आधी शिपायासमोर उभी राहिली, "मी तुमचं नाव घेतलं होतं, माफ करा," म्हणाली. बाईंनी मला तिच्या हातात दिले. मला पोटाशी धरून ती दारापर्यंत गेली, थांबली आणि मागे वळली.

"बाई, माझ्यानंतर कोण आहे?"