सायमीमावशीचं जंगल आम्ही साफ केलं

सायमीमावशी खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडली आणि गावाला तिची दया आली. आमच्याकडे दया आली की लोक कुऱ्हाडी घेऊन येतात. याला तालकोत म्हणतात: सगळ्यांनी मिळून एकाचं काम फुकट करायचं, त्याने कॉफी पाजायची. हाक मी दिली.

"झाडं पडून कुजतायत," मी म्हणालो, "म्हातारीला एकटीला झेपत नाही."

साफ खोटं. ती खोडं मुद्दाम पडू देत होती, हे मला ठाऊक होतं. एकदा आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या झाडाची साल उचलून तिने मला चपटी पिवळी अळी दाखवली होती. "हिचा भुंगेरा व्हायला वर्षं लागतात. कुजकं खोड गेलं की ही गेली." पण माझं रान तिच्या रानाला लागून. येणारेजाणारे विचारायचे, "हा उकिरडा तुझा का रे?" ते मला झोंबायचं.

दोन शनिवारांत अकरा जणांनी एकूण एक मेलेलं खोड कापून, फोडून तिच्या सौनामागे, म्हणजे लाकडं जाळून घाम काढायच्या न्हाणीघरामागे, रचलं.

मावशी कुबड्यांवर परतली. रास बघत राहिली. मग म्हणाली, "कॉफी ठेवते." तालकोतवाल्यांना कोणी शिव्या देत नाही.

"मावशी, दहा हिवाळे घाम गाळ आता!" पाउकू ओरडला. सगळे हसले.

कप भरता भरता ती म्हणाली, "गुरुवारी सरकारी बाई येणार आहे. भुंगेरा सापडला तर जंगल कायमचं राखीव. नाहीतर माझ्यामागे शहरातला माझा भाचा विकेल, घेणारे उभं जंगल कापतील."

पाउकूने कप खाली ठेवला. मी बिस्किट चघळत राहिलो.

गुरुवारी ती बाई ताज्या भुशात गुडघ्यांवर बसली. एकही मेलेलं खोड उरलं नव्हतं.

"हे कोणी केलं?"

मी चार पावलांवर उभा होतो. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाने भुसा उकरत होतो.

"मीच करवून घेतलं," ती शेवटी म्हणाली. "सरपणाला."

"इतकी वर्षं तुम्हीच अर्ज करत होतात ना? कमाल आहे तुमची!" बाईने कागदावर फुली मारली आणि गेली.

"मावशी, तू कशाला अंगावर घेतलंस?"

"तू बोलशील म्हणून जरा थांबले होते," ती म्हणाली आणि कुबड्या टेकत घरात गेली. दार उघडंच ठेवलं होतं. आत जायची माझी छाती झाली नाही.