किती वेळ

चेतनाने मेन स्विच खाली ओढला, टर्मिनलवर टेस्टर टेकवून पाहिला आणि मगच ट्रान्सफॉर्मरच्या तारा सोडवायला घेतल्या. प्रयोग संपला होता, आकडे जुळले होते. शेजारी उभी असलेली तिची मैत्रीण रीना चेतनाच्या हातांकडे बघत होती.

इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते. हरिदास मेश्राम रायपूरबाहेरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. ते दुरुस्ती करत असताना कुणीतरी लाइन चालू केली. कॉलेजात हे फक्त रीनाला ठाऊक होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर वयस्क आणि सौम्य होते. ट्रान्सफॉर्मरवरचे चार प्रश्न झाल्यावर वही मिटता मिटता त्यांनी विचारलं,

"अच्छा, आखिरी सवाल. करंट से आदमी को खतरा कब होता है?"

रीना पुढे झाली. "सर, इसको..."

"दस मिलिअँपियर के आसपास मुट्ठी बंद हो जाती है, सर," चेतना म्हणाली. "आदमी तार छोड़ नहीं पाता. उससे ऊपर साँस रुकती है."

"और फिर?"

"फिर देखना पड़ता है, कितनी देर."

"बहुत अच्छे," सर म्हणाले आणि त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

जिन्यात रीनाने तिचा हात धरला. "तूने सर को बताया क्यों नहीं?"

"उन्होंने पूछा. मुझे आता था."

बसमधून उतरून ती बूढातालाबच्या कडेने चालत निघाली. मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत राहिला. ती बाजूला झाली नाही, शेवटी तोच वळसा घालून, काहीतरी पुटपुटत पुढे गेला.

घरात तिची आई कमला वर्तमानपत्र पसरून लाल भाजी निवडत बसली होती. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बाबांचा नवा फोटो होता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, त्यामुळे खांद्यावर दुसऱ्याच माणसाची बोटं राहून गेली होती.

"झाली परीक्षा?"

"हव."

"बरी गेली?"

"सगळं आलं."

कमला थोडा वेळ देठं खुडत राहिली.

"तुले एक विचारू का? भैय्यालाल भैया म्हणे, त्यायले काही समजलंच नसंन. एका झटक्यात गेले. तू तर हेच शिकून राहिली. असंच होते का?"

त्या दिवशी बाबांसोबत कामावर भैय्यालालच होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने चेतनाला एकटीला गाठून रडत रडत सांगितलं होतं, की बाबांचा हात चिकटला होता, स्विच शेडच्या पार दुसऱ्या टोकाला होता आणि तो पळाला, जमेल तेवढा पळाला. चेतनाने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हो, आई. असंच होते," ती लगेच म्हणाली. "काही समजत नाही."

कमलाने हातातली काडी खाली ठेवली.

"त्यायच्या हाताले कापड गुंडाळलं होतं. तुम्ही सारे बाहेर होते तवा मी सोडून पाह्यलं. तळवा पाह्यला. तारेची जळकी रेघ होती त्यावर."

चेतना खांद्यावरच्या बॅगेसकट तशीच उभी राहिली.

"मले वाटे, तुले मालूम नसंन. म्हणून विचारलं," कमला म्हणाली. "पण तू लय लवकर बोलली."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली. मग कमलाने भाजीचा कागद बाजूला सरकवून समोर जागा केली.

"बस इथं. आता सांग, किती वेळ लागला."

चेतनाने बॅग उतरवली आणि ती आईसमोर जमिनीवर बसली.

"भैय्यालाल काका शेडच्या बाबाकडच्या टोकाले होते," तिने सुरुवात केली. "बाबानं त्यायले आवाज देला..."

तिने कागदावरची एक काडी उचलून पानं खुडायला घेतली. कमलाने घाई केली नाही.