दाराआडची बॅग

धरमपेठेतल्या कांताबाईंचा एक कायदा होता. गल्लीतली कोणतीही सून नवऱ्यावर रुसून बॅग भरू लागली, की कांताबाई ती बॅग सरळ आपल्या घरी उचलून आणायच्या. मागोमाग सून येई, पोहे खाई, नवऱ्याच्या नावानं बोटं मोडी आणि दिवे लागायच्या आत राग उतरे. अर्ध्या गल्लीचे संसार आपणच टिकवले असं त्या सांगत, आणि खोटं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

त्रेसष्ट साली शेजारच्या मुकुंद देशकरांनी हॉलंडहून बायको आणली, हेनी. तिच्या दाराआड कायम भरलेली बॅग. मुकुंद खापरखेड्याच्या वीजकेंद्रात इंजिनिअर, स्वभावानं गरीब गाय. पण बॅग वर्ष झालं तरी हलेना, म्हणजे राग चांगलाच मुरलेला. एका दुपारी हेनी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि कांताबाईंनी बॅग लांबवली.

पोहे परतून होतात तोच हेनी अनवाणी धावत आली, पांढरीफटक. बॅग छातीशी धरून ती भिंतीला टेकली. कांताबाई घाबरल्याच. हा राग नव्हता.

मग हेनीनं सांगितलं. ती ज्यू. ती तेरा वर्षांची असताना नाझी शिपाई घरात शिरले. आईबाबांना आणि धाकट्या भावाला नेलं, ते परत आलेच नाहीत. ती मागच्या दारानं निसटली आणि लढाई संपेपर्यंत एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या माळ्यावर, गवतात लपून राहिली. पळताना अंगावरच्या फ्रॉकशिवाय काही नव्हतं. तेव्हापासून बॅग भरलेलीच.

कांताबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पोह्यांची ताटली पुढे सरकवली.

"पन पळून जाशीन कुठं वं?"

इतक्या वर्षांत हे हेनीला सुचलंच नव्हतं. "मले नाही माहीत," ती म्हणाली. मराठी ती कांताबाईंकडूनच शिकली होती.

"मंग इथंच येशीन ना. आन् इथंच यायचं, तर बॅग तिकडं काहून ठेवतं? राहू दे माह्या घरी."

हेनीनं बॅग कांताबाईंच्या दाराआड ठेवली. मग दोनदा पोहे मागून घेतले आणि रिकाम्या हातानं घरी गेली.

संध्याकाळी मुकुंदला गल्लीच्या तोंडाशीच कळलं, की बायको बॅगेसकट गेली. तो धापा टाकत घरात शिरला, तर हेनी चहा गाळत होती. त्यानं बॅग कुठाय विचारलं.

"माह्या माहेरी ठेवून आली," हेनी म्हणाली.