तीन फुटांवर

"काका, बाई विचारते, तुम्ही एकटेच काऊन खोदता? दोन मजूर आणलेत ना."

"नाजूक काम हाये. मीच करतो," यादोराव म्हणाला. कुदळीच्या दांड्यावर त्याच्या तळहातांचा घाम उतरला होता.

गोंदियाच्या रेल्वे लाइनीपलीकडल्या गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानावर तो पस्तीस वर्षं चौकीदार होता. एवढ्या काळात इथं कुणी फिरकलं नव्हतं. आणि आता थेट ऑस्ट्रेलियाहून पंचाहत्तरीची मार्गारेटबाई येऊन धडकली होती, एका हातात जाडजूड फाइल, दुसऱ्या हातात लहानशी लाकडी पेटी घेऊन. टॅक्सीवाला दुर्गेश तिचा दुभाषा.

सकाळपासून ती फाइल वाचून दाखवत होती. तिचे वाडवडील इंग्लंडात हातमागावर कापड विणायचे. गिरण्या आल्या, माग बसले. मग एक जण बॉयलरच्या कारखान्यात लागला, त्याचा नातू रेल्वेसोबत गोंदियाला येऊन इंजिन हाकू लागला. सत्तेचाळीसनंतर सगळं बिऱ्हाड ऑस्ट्रेलियाला गेलं, गव्हाची शेती करायला. मागं राहिला तो फक्त आर्थर, आठ महिन्यांचा असताना इथं पुरलेला. मार्गारेटचा थोरला भाऊ, तिनं कधीच न पाहिलेला. त्याला आईशेजारी न्यायला ती सरकारी परवानगी काढून आली होती.

यादोरावला त्या कुळाचं काय! त्याला घोर होता तो वेगळ्याच गोष्टीचा. एकतीस वर्षांपूर्वी, श्रावणात, त्याची मुलगी आठव्या दिवशी गेली. बारसंही झालं नव्हतं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पण नाल्याकाठची पुरायची जागा पाण्याखाली होती आणि कबरस्तानातली जमीन मुरमाची, कुदळ नुसती उडायची. बाकी कबरींवर दगडी लाद्या; मऊ माती एकच, आधी कधीतरी खणलेली, आर्थरची. ही माणसं समुद्रापार गेली, आता कोण येतंय, असं म्हणून त्यानं तीन फुटांवर मीठ घालून लेकीला ठेवलं. बायका मातीला जात नाहीत. शामकलेला, बायकोला, त्यानं 'नाल्याकाठी' एवढंच सांगितलं होतं.

गोऱ्याची पेटी सहा फूट खाली. आधी आपलं हळूच काढून बाजूला लपवायचं, मग खाली जायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण बाई काठावर बसली ती हलेचना.

"उन्हात कायले बसून रायली ते? सावलीत बसव तिले."

"नाही म्हणते. भाई है उसका, काका."

एक फूट झाला. दोन झाले. यादोरावनं कुदळ टाकली आणि हातानं उकरू लागला. थोड्या वेळानं बोटांना काहीतरी लागलं, हरभऱ्याच्या काडीएवढं. त्यानं झटकन मूठ मिटली.

बाईनं पाहिलं होतं. ती धडपडत खड्ड्यात उतरली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्याची मूठ अलगद उघडली.

"आर्थर," ती म्हणाली.

"लाकूड नाही दिसत," दुर्गेश वाकून म्हणाला. "सडून गेली असेल पेटी."

ही माझी हाये, हे शब्द यादोरावच्या अगदी ओठांवर आले होते. चौकशी होईल, नोकरी जाईल, याचं त्याला काही नव्हतं. पण शामकलेला काय सांगणार? बाई एकेक हाड पांढऱ्या मलमलीत ठेवत होती, रडत होती आणि काहीतरी बोलत होती.

"काय म्हणते?"

"म्हणते, आई मरेपर्यंत याचंच नाव घेत होती. आता तिच्याजवळच ठेवीन."

"माय हाये तिथं?"

"मायची कबर आहे ना, काका."

यादोरावच्या पोरीला आई मिळाली होती आठच दिवस.

"मंग ने म्हना," तो शेवटी म्हणाला. "उचलताना मानेखाली हात ठेव म्हना."

गाडी गेली. मजूर फावडी घेऊन पुढं आले, तसा त्यानं त्यांना हातानंच थांबवलं.

"राहू द्या. खाली लेकरू हाये."

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. यादोराव खड्ड्याच्या काठावर बसला आणि ढेकळं हातानं फोडून थोडी थोडी माती आत सोडू लागला.