खात्री आहे का?

रणधीरदादानं कामावरच्या शिवकन्येला भरल्या ऑफिसात उभं केलं होतं. नळदुर्गात हायवेला लागून, टायरच्या दुकानावर त्याचं इंटरनेटचं ऑफिस. आसपासच्या गावांना तिथूनच लाइन जाते.

सकाळी तामलवाडीची नवी लाइन जोडायची होती. त्यासाठी टॉवरवरच्या स्विचला, म्हणजे गावागावांत लाइन वाटणाऱ्या मशीनला, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावा लागतो. हुकमात 'ॲड' हा शब्द घातला, तर नवं गाव जुन्यांच्या शेजारी बसतं. तो घालायचा राहिला, तर मशीन तेवढं नवं गाव ठेवतं आणि बाकीची सगळी हाकलून देतं. ब्र काढत नाही. ज्या शहाण्यानं हे बनवलं, त्याच्या दारात कधी पंचवीस गावं भांडायला आलेली नसणार.

शिवकन्येचा 'ॲड' राहिला. सगळी गावं बंद. ऑफिसातून स्विचपर्यंत जाणारी लाइनसुद्धा त्याच तारेवर, तीही गेली. उत्तरेश्वरमामा मोटारसायकल काढून टॉवरला पळाले. तोवर बँकेच्या केंद्रांवर म्हातारी माणसं मशीनवर अंगठे घासत बसली.

"नंदा, सांग हिला," दादा म्हणाला. "तुझ्या प्रोग्रामनं इचारलं होतं का न्हाय?"

तो प्रोग्राम नंदानं लिहिला तो मामांमुळं. त्यांचाही 'ॲड' एकदा असाच राहिला होता. तेव्हापासून प्रत्येक हुकूम तिच्या प्रोग्राममधून जातो. तो मराठीत विचारतो, खात्री आहे का? मग 'हो'साठी 'ह' दाबायचं.

"इचारलं होतं," नंदा म्हणाली.

"आन् हिनं 'ह' दाबलं. नोंद हाय. उद्यापासून येऊ नको गं."

"दादा, नोकरी गेली तर घरचे ह्याच उन्हाळ्यात लगीन लावून देतेत." शिवकन्या म्हणाली.

"मग आमी अक्षता टाकायला येतो."

नंदा उठली. "दादा, जरा इथं बसा. हा टेबलावरचा सरावाचा स्विच. मी सांगते ते टाइप करा."

दादा बसला. स्विचचं नाव बदललं. खात्री आहे का? ह. लाइनींची यादी नुसती बघितली. खात्री आहे का? ह. तिसऱ्या हुकमाला तो मान वळवून मामांना चहा सांगत होता. ह.

"आता कशाला व्हय म्हणालात?"

दादा पडद्यावर वाकून वाचायला लागला.

"सगळी गावं तोडायला," नंदा म्हणाली.

"आरारारा!" मामा म्हणाले. "दादा, आता तुमीबी उद्यापासून येऊ नका."

सगळं ऑफिस हसलं. तिथंच घात झाला. दादाचा चेहरा काळवंडला.

"धंदा माझा हाय. म्या काय दाबायचं ते म्या बघीन. ही गेली."

"चूक माझी हाय," नंदा म्हणाली. "नुसतं बघायलाबी इचारलं, तोडायलाबी तेच इचारलं. बोटाला सवय मी लावली. मला काढा."

"तुला कशाला काढू? तुझा प्रोग्राम तर लई कामाचा. आता कुणी म्हणायचं न्हाय, मशीननं केलं म्हणून."

माणसं चुकू नयेत म्हणून तिनं कुंपण घातलं होतं. दादानं त्याचा फास केला.

शिवकन्या डबा घेऊन जिना उतरली. नंदा खुर्चीवर बसली आणि प्रोग्राम उघडला. फालतू प्रश्न सगळे काढले. आता एखादी लाइन तुटणार असेल तरच तो थांबतो, तुटणाऱ्या गावांची नावं दाखवतो आणि ती नावं टाइप केल्याशिवाय पुढं सरकत नाही. 'ह' कुणी दाबलं ही नोंद तिनं मुळासकट उपटली.

"नोंद कुठंय?" दादा मागून ओरडला.

"काढली."

"परत लाव. न्हायतर तूबी चालती हो."

नंदानं डबा पिशवीत टाकला.

एसटी स्टँडवर शिवकन्या अजून बसून होती. तुळजापूरची गाडी लागली नव्हती. नंदा शेजारी बसली.

"ताई, तुमीबी सोडलं?"

"व्हय."

"खात्री हाय का?"

नंदाला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.