सुऱ्यांचा डबा

मित्रांनो, आधीच सांगतो, मला कलश म्हणू नका. दिसतो तसा, हे खरं. पण मी आहे सुऱ्या-काटे ठेवायचा महॉगनीचा एक म्हातारा डबा, लंडनला घडलेला. त्या काळी इंग्रजांना जुन्या ग्रीक-रोमन वस्तूंचं भलतंच वेड लागलं होतं. खुर्चीची पाठ बघा, छताची नक्षी बघा, जिकडेतिकडे कलश! मग सुऱ्यांनीच साध्या डब्यात का राहायचं? माझ्या पोटावर फिक्या लाकडाच्या बारीक रेघा बसवल्या, वर टोकदार झाकण दिलं. जेवणघरातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला माझा जुळा भाऊ. काय तो थाट! पाहुणे जेवण सोडून आमच्याकडे बघायचे.

पुढे ते घर मोडलं. मी समुद्र ओलांडून अमेरिकेत आलो, भाऊ वाटेत कुठे सुटला देव जाणे. आतले सुऱ्यांचे कप्पेही कुणीतरी काढून टाकले. जोडीतल्या एकट्याला कोण विचारतो?

विचारलं ते तिथल्याच श्रूजबरी गावच्या राजीवकाकांनी. जुन्या फर्निचरचे भारी शौकीन. एका घरातल्या जुन्या सामानाच्या सेलमधून त्यांनी मला उचललं. मराठी मी त्यांच्याच घरी शिकलो. वीणाकाकूंनी मात्र दारातच अडवलं.

"अहो, अस्थिकलश काय आणलात घरात? कुणाचा असेल, काय असेल!"

"अगं, सुऱ्यांचा डबा आहे हा. ओरिजिनल इंग्लिश!"

"काहीतरीच काय! गॅरेजमध्ये ठेवा तो. आणि हात धुऊन आत या."

झालं! बर्फाच्या फावड्याशेजारी माझी रवानगी. मला फार लागलं ते. पण काका रविवारी यायचे, कोरड्या मऊ फडक्याने पुसायचे. "थांब रे, एक दिवस तुला आत नेतो," म्हणायचे.

एका जानेवारीत त्याच फावड्याने बर्फ काढताना काका ड्राइव्हवेवर कोसळले, ते उठलेच नाहीत. अस्थी नाशिकला, गोदावरीत सोडा, असं ते नेहमी सांगायचे. तेव्हा नेमकी कोरोनाच्या साथीमुळे नेहमीची विमानं बंद. अस्थी मिळाल्या त्या प्लॅस्टिकच्या खोक्यात. काकू ते खोकं बघून ढसाढसा रडल्या, मग गॅरेजमध्ये आल्या आणि मला उचललं. अस्थींची पिशवी माझ्या पोटात ठेवून त्यांनी झाकण मेणाने बंद केलं. मला हॉलमध्ये खिडकीशी मांडलं. आत यायचं होतं मला, पण असं नव्हतं यायचं हो.

विमानं सुरू झाली. काकूंनी तिकीट काढलं आणि कॅन्सल केलं. पुन्हा काढलं, पुन्हा कॅन्सल. दूर राहणाऱ्या मुलांनी, नीना आणि आर्यने, फोनवर अस्थींचं विचारलं, तेव्हा माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "ओळखीचे जात होते ना, त्यांच्याबरोबर पाठवल्या नाशिकला. सगळं नीट झालं." मग रोज सकाळी माझ्यासमोर चहाचा दुसरा कप यायचा. त्यांना काकांना सोडवेना, एवढंच. खरं काय ते मुलांना सांगायचं राहून गेलं. मागच्या थंडीत काकूही गेल्या.

त्यांच्या अस्थी मुलांनी स्वतः नाशिकला नेल्या. परत आल्यावर घर आवरायला घेतलं. नीनाने मला हातात धरलं.

"आर्य, धिस वॉज बाबाज फेवरिट."

"लिड स्टक आहे, नीना. आणि ठेवणार कुठे यार?"

ती मला कुरवाळत म्हणाली, "ॲट लीस्ट आई-बाबा आर टुगेदर नाऊ."

अरे पोरांनो, तुमचा बाप तुमच्या हातात आहे! असं मी जिवाच्या आकांताने ओरडलो. पण लाकडाला कुठला आवाज? आर्यने मला दान द्यायच्या खोक्यात ठेवलं.

आता मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, मिक्सर आणि टेबललॅम्पच्या मध्ये बसलो आहे. येणारेजाणारे उचलतात, "बराच जड आहे" म्हणतात आणि ठेवून देतात. काल एक बाई किल्लीने झाकण उचकटत होत्या. मेण अजून धरून आहे.

काकूंचं पहिल्या दिवशीच बरोबर होतं, चुकलो मीच.

म्हणून हात जोडतो, मित्रांनो. आईवडिलांचं घर आवरताना घाई करू नका. एखादं झाकण घट्ट बसलं असेल, तर ते कुणी आणि का बसवलं असेल याचा जरा विचार करा. आणि तुमच्यापैकी कुणी मला घरी नेलंच, तर खुशाल न्या, पण आधी नाशिकला न्या.